कमी दिवसांच्या उन्हाळ्यात परसात स्वीट कॉर्न: कॅल्गरीतले दोन फसलेले हंगाम आणि तिसऱ्याची तयारी

ओलमाती, ६ एप्रिल

कॅल्गरीत येऊन आम्हाला सहा वर्षे झाली. घरामागे दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत आहे आणि तिच्यालगत साधारण बारा फूट लांब व आठ फूट रुंद असा वाफा आहे. त्यात बटाटे, वाटाणा, पालक, मेथी आणि कोथिंबीर फार चांगली येते. मका मात्र दोन वर्षे फसला. तिसऱ्या वर्षी तो फसू नये, म्हणून जाणकारांचा सल्ला घ्यावा या हेतूने हा धागा काढते आहे.

पहिल्या वर्षी मी दुकानातून सर्वांत गोड म्हणून लिहिलेली जात आणली आणि मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला चाळीस दाणे थेट वाफ्यात टोकले, कारण इथले बहुतेक लोक त्याच सुट्टीपासून बागेला हात घालतात. दहा दिवस काहीच दिसले नाही. सोळाव्या दिवशी नऊ कोंब मोजले. बाकीच्या जागा उकरून पाहिल्या तेव्हा दाणे सापडले, पण बोटांनी दाबताच साल सुटून आतून पांढुरके, आंबूस वासाचे पाणी निघत होते. उरलेल्या नऊ झाडांना ऑगस्ट संपता संपता केसर, म्हणजे कणसाच्या टोकाचे धागे, आले आणि सप्टेंबरच्या मध्यावर एका रात्रीत फ्रॉस्टने, म्हणजे गोठलेल्या दवाने, सगळी पाने उकडल्यासारखी केली. एकही कणीस भरले नव्हते.

दुसऱ्या वर्षी घरात रोपे तयार केली आणि ती कुंपणालगत एका लांब ओळीत लावली. झाडे उंच झाली, कणसेही धरली. सोलल्यावर मात्र प्रत्येक कणसावर इथे चार, तिथे सहा असे विखुरलेले दाणे होते आणि मधली जागा बोळकी होती. जे दाणे भरले होते ते इतके गोड होते, की त्यामुळेच हा नाद सुटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. इथल्या हंगामासाठी जात कोणती घ्यावी, थंड जमिनीचे काय करावे, आणि मोजक्या झाडांत कणसे पूर्ण भरावीत यासाठी लावणी कशी करावी?

निंबोणी, ६ एप्रिल

मी मिनिआपोलिसला असते. आमच्याकडे मेच्या मध्यावर दाणे टोकले, की पाकिटावर ७२ दिवस लिहिलेला मका साधारण तेवढ्याच दिवसांत हाती येतो, आठवडाभर इकडे तिकडे. तुम्ही घेतलेल्या जातीच्या पाकिटावर किती दिवस लिहिले होते? तुमच्याकडेही मेअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत किमान शंभर दिवस मिळतात असे दिसते, त्यामुळे हिशोब कुठे चुकतो ते मला कळले नाही.

ओलमाती, ७ एप्रिल

निंबोणी, पाकिटावर ७८ दिवस होते. शंभर दिवसांत ७८ दिवसांचे पीक आरामात बसेल, असा माझाही हिशोब होता.

हिमगौरी, ७ एप्रिल

ओलमाती, मी एडमंटनला अकरा वर्षे मका लावते आहे आणि त्यातली पहिली तीन वर्षे मीही हाच हिशोब करत होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

मका दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. पाकिटावरचे दिवस हे बियाणे जिथे तपासले त्या उबदार प्रदेशातले दिवस असतात. ढोबळ हिशोब असा करता येतो: दिवसाचे सर्वाधिक आणि सर्वांत कमी तापमान मिळवून निम्मे करावे आणि त्यातून १० वजा करावेत, कारण १० अंश सेल्सिअसच्या खाली मक्याची वाढ जवळजवळ थांबते. मिनिआपोलिसला जुलैत दुपारी साधारण २८ आणि पहाटे १८ अंश असतात. म्हणजे सरासरी २३, आणि मक्याच्या खात्यावर जमा झाले १३. कॅल्गरीत जुलैत दुपारी २३ च्या आसपास आणि पहाटे १० च्या आसपास तापमान असते. सरासरी साडेसोळा, जमा साडेसहा. निंबोणींचा एक दिवस म्हणजे तुमचे दोन दिवस, आणि तेही जुलैत, जेव्हा तुमच्याकडे सर्वांत जास्त ऊन असते. कॅनडात शेतकरी यासाठी कॉर्न हीट युनिट नावाचे वेगळे माप वापरतात, त्यात दिवसाची आणि रात्रीची ऊब निराळी मोजतात, पण परसबागेसाठी वरचा हिशोब पुरेसा आहे.

कॅल्गरीची अडचण दुपारची नसून रात्रीची आहे. शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि हवा कोरडी आहे, त्यामुळे सूर्य मावळला की जमिनीतली ऊब झपाट्याने निघून जाते. जूनमध्ये सोळा तासांहून अधिक उजेड मिळतो, त्याने पाने जोमात वाढतात, पण रात्रीची थंडी त्याने भरून निघत नाही. तुमच्या आग्नेयेला अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या टेबर या गावचा मका साऱ्या अल्बर्टा प्रांतात नावाजलेला आहे, तो उगाच नाही. तिथे उन्हाळा अधिक तापतो, ऊन भरपूर मिळते आणि पाटाचे पाणी आहे. टेबरचा मका पाहून कॅल्गरीत तीच जात लावणे, ही इथल्या नवख्या बागकामकऱ्यांची नेहमीची चूक आहे.

म्हणून पाकिटावर ७० पेक्षा जास्त दिवस लिहिलेली जात हातात धरू नये. मी स्वतः ‘अर्लीव्ही’ लावते, ‘अर्ली सनग्लो’ ही दुसरी आवडती. दोन्हींची झाडे बुटकी राहतात आणि कणसे वीतभरच येतात. बाजारातल्या हातभर कणसाशी तुलना केली तर वाईट वाटेल, पण ती भरतात, आणि आपल्याला भरलेले कणीस हवे आहे.

वाफसा, ८ एप्रिल

मी नाशिक जिल्ह्यातला, शिक्षण शेतीतले, आणि काही वर्षे मक्याच्या बीजोत्पादनाचे काम केले आहे. कॅनडाचा अनुभव नाही, परंतु ओलमाती यांनी कुजलेल्या दाण्यांचे जे वर्णन केले आहे त्याचे कारण माझ्या ओळखीचे आहे, म्हणून लिहितो.

स्वीट कॉर्नचा गोडवा एका प्रकारचा नसतो. जुन्या प्रकारात, ज्याला एस-यू म्हणतात, दाण्यातल्या साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर अंशतः अडते. अमेरिकेत १९०२ मध्ये बर्पी या बियाणे कंपनीने बाजारात आणलेली ‘गोल्डन बँटम’ ही पिवळी जात याच गटातली. एस-ई हा त्याचाच सुधारलेला प्रकार, साल अधिक कोवळी आणि साखर थोडी जास्त. तिसरा अतिगोड प्रकार म्हणजे एस-एच-टू. इलिनॉय विद्यापीठातले लॉफनन यांनी १९५० च्या दशकात त्याच्या गोडीकडे लक्ष वेधले. आपल्याकडे सिंहगडावर किंवा लोणावळ्याला कपात वाफवून मिळणारे स्वीट कॉर्नचे दाणे बहुधा याच अतिगोड प्रकारातले असतात.

या तिसऱ्या प्रकाराचे सुकलेले बी तळहातावर घेऊन पाहा. ते सुरकुतलेले, चेपलेले आणि वजनाला हलके असते, कारण त्यात स्टार्च फारच थोडा असतो. उगवणाऱ्या कोंबाची शिदोरी म्हणजे तोच स्टार्च. शिदोरी कमी आणि जमीन थंड, अशा वेळी कोंब वर यायला पंधरवडा घेतो आणि तोवर जमिनीतली बुरशी उरलेली साखर खाऊन दाणा कुजवते. एस-यू प्रकाराचे बी जमिनीत १३ ते १५ अंश असतानाही उगवते, एस-एच-टूला १८ अंश तरी हवेत. तुमच्या जमिनीत मेच्या अखेरीस किती अंश असतात?

ओलमाती, ८ एप्रिल

वाफसा, सुरकुतलेले बी हे अगदी बरोबर आहे. उरलेले पाकीट अजून घरात आहे, आत्ता उघडून पाहिले. मी त्या वेळी बी जुने असावे असे समजून दुकानाला मनातल्या मनात दोष दिला होता. जमिनीचे तापमान कधी मोजलेच नव्हते.

दूरदेशी, १० एप्रिल

एडिंबरा येथून लिहितो. आमच्याकडे फ्रॉस्टपासून मुक्त असे दिवस तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत, परंतु जुलैची दुपार सरासरी १९ अंशांच्या आसपासच असते, त्यामुळे हिमगौरी यांच्या हिशोबाने आमची रोजची जमा तुमच्याहूनही कमी भरते. उघड्यावर मका दोन वर्षे लावला, तो गुडघ्याच्या वर फारसा गेला नाही. शेवटी भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यावर प्लॅस्टिकचा छोटा बोगदा उभारला आणि ‘स्विफ्ट’ ही लवकर येणारी जात लावली, तेव्हा कणसे मिळाली. एक इशारा मात्र देतो: बोगद्यात वारा नसतो आणि मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते. पहिल्या वर्षी आतली कणसे रिकामी राहिली, कारण तुऱ्यातला पराग खाली पडायला झाडाला हलवणारे कोणी नव्हते. आता तुरे फुटल्यावर रोज सकाळी प्रत्येक झाड हाताने हलवतो.

हिमगौरी, ११ एप्रिल

वाफसा यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या नोंदींतून देते. एडमंटनला २० मेच्या सुमारास सकाळी आठ वाजता, दहा सेंटिमीटर खोलीवर, उघड्या वाफ्यात मला साधारण १० ते ११ अंश मिळतात. त्याच वाफ्याच्या दुसऱ्या भागावर तीन आठवडे आधी पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबून ठेवल्या, तर तिथे १५ ते १६ मिळतात. काळ्या प्लॅस्टिकपेक्षा पारदर्शक प्लॅस्टिक माती अधिक तापवते, कारण ऊन थेट मातीपर्यंत पोचते. त्याचा तोटा असा, की खाली तणही जोमाने उगवते. मी लावणीच्या दिवशी प्लॅस्टिक उचलते, उगवलेले सगळे तण खुरपून काढते, आणि मग तेच प्लॅस्टिक पुन्हा पसरून त्याला भोके पाडते. स्वयंपाकघरातला काडीसारखा थर्मामीटर या मोजणीला पुरतो.

आता रोपांविषयी. मक्याच्या मुळांना धक्का सोसत नाही, हे खरे आहे, पण आपल्याकडे दुसरा इलाज नाही. लावणीच्या आधी जास्तीत जास्त तीन आठवडे, त्याहून एक दिवसही लवकर नाही, कागदी नळकांड्यांत किंवा वर्तमानपत्राच्या पुड्यांत दाणे लावावेत, म्हणजे नळकांड्यासकट रोप जमिनीत ठेवता येते. महिनाभर कुंडीत अडकलेले मक्याचे रोप मग वाफ्यात कितीही लाड केले तरी खुरटेच राहते. नळकांड्याची वरची कड मातीच्या वर ठेवू नये. तो कागद वातीसारखा ओलावा शोषून हवेत सोडतो आणि मुळे कोरडी पडतात.

पागोळी, १२ एप्रिल

मीही कॅल्गरीतच, ईशान्य भागात राहते आणि या वर्षी पहिल्यांदाच मका लावायचा विचार आहे. माझ्याकडे चार फूट बाय चार फुटांची एकच उंच पेटी आहे. त्यात काही हाती लागेल का? दुसरे म्हणजे आमच्या भागात गारांची फार भीती वाटते. जून २०२० मधली गारपीट आणि ऑगस्ट २०२४ मधली, दोन्ही आम्ही याच घरात पाहिल्या आहेत आणि दोन्ही वेळा बागेत काही उरले नव्हते.

वाफसा, १२ एप्रिल

पागोळी ताई, चार बाय चार फुटांच्या पेटीत चार ओळी, प्रत्येक ओळीत चार झाडे, अशी सोळा झाडे एकेक फुटावर बसतील. थोडी दाटी होईल, खत आणि पाणी कमी पडू देऊ नका. पण चौकोन मोडू नका. ओलमाती यांची दुसऱ्या वर्षीची कणसे बोळकी राहिली ती ओळीमुळेच.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कणसाच्या टोकातून बाहेर लोंबणारा केसराचा प्रत्येक धागा आतल्या एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. ज्या धाग्यावर परागकण पडला त्याचा दाणा भरतो, ज्याच्यावर पडला नाही त्याची जागा रिकामी राहते. एका कणसावर चारशे-पाचशे दाणे भरायचे, तर तितक्या धाग्यांवर पराग पडायला हवा. एका ओळीतल्या झाडांचा पराग वाऱ्याबरोबर ओळीच्या बाजूला निघून जातो. चौकोनात तो कोणत्याही दिशेला गेला तरी वाटेत कुणाचे तरी केसर येते.

आणखी एक गोष्ट तुम्हा दोघींसाठी. शेजाऱ्याने दुसऱ्या प्रकारचा मका लावला आहे का, ते विचारून ठेवा. टोमॅटोच्या फुलावर कुठल्याही टोमॅटोचा पराग पडला तरी त्या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही. मक्यात आपण बीच खातो, म्हणून परक्या परागाचा परिणाम त्याच कणसात दिसतो. एस-एच-टूच्या केसरावर एस-यूचा पराग पडला, तर दोन्ही गोड असूनही दाणे पिठूळ निघतात. मोठ्या हंगामात दोन जातींच्या पेरणीत पंधरवड्याचे अंतर ठेवून हे टाळता येते. तुमच्याकडे पंधरवडा वाया घालवण्याइतका वेळ नाही, तेव्हा एका वाफ्यात एकच प्रकार ठेवा.

हिमगौरी, १३ एप्रिल

गारांविषयी: उंच पेटी असेल तर तिच्यावर कमानी करून बारीक जाळी ताणता येते, झाडे छातीएवढी होईपर्यंत तिचा उपयोग होतो. त्यानंतर मात्र आभाळाकडे पाहणे एवढेच हाती असते. पाने फाटली तरी झाडे उपटू नका. जुलैच्या आधी फाटलेल्या झाडांनी मला कणसे दिली आहेत.

ओलमाती, ४ मे

आज कामाला सुरुवात केली. ‘अर्लीव्ही’चे पंचेचाळीस दाणे रात्रभर ओल्या कापडात ठेवून सकाळी कागदी नळकांड्यांत लावले. वाफ्यावर १ मेलाच पारदर्शक प्लॅस्टिक पसरले आहे. आज सकाळी आठ वाजता प्लॅस्टिकखाली १२ अंश होते आणि बाहेरच्या मातीत ७. मागच्या वर्षापर्यंत मी या सात अंशांच्या आसपासच्या मातीत बोटे घालून, पुरेशी ऊब आली असे ठरवत होते.

ओलमाती, २५ मे

पंचेचाळीसपैकी एकेचाळीस उगवले. आज छत्तीस रोपे सहा ओळींत सहा अशी लावली, अंतर सर्व बाजूंनी सव्वा फूट. प्रत्येकाला तीन पाने आहेत. जमिनीत १६ अंश. भिंतीलगत काळ्या रंगाचे पाण्याने भरलेले आठ कॅन ठेवले आहेत, दिवसा ते तापतात आणि रात्री हाताला कोमट लागतात.

ओलमाती, ४ जून, सकाळी ७

रात्री पारा शून्याखाली गेला. अंदाजात ३ अंश सांगितले होते म्हणून मी झाकण घातले नाही. पाने काचेसारखी पारदर्शक झाली आहेत आणि ऊन लागताच काळपट पडून लोंबत आहेत. छत्तीसच्या छत्तीस. उरलेली पाच रोपे घरात आहेत, पण आता नवीन दाणे लावायला वेळ उरलेला नाही. मला फार वाईट वाटते आहे.

वाफसा, ४ जून

ताई, काहीही उपटू नका आणि आज खतही घालू नका. मक्याला पाच-सहा पाने पूर्ण उघडेपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खाली असतो. वरची पाने गेली, तरी तो कोंब मातीच्या उबेत शाबूत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. टोमॅटो असता तर संपला असता, कारण त्याचा शेंडा वर असतो. एक रोप मातीच्या लगत उभे चिरून पाहा. आतला गाभा पांढरा आणि टणक असेल तर बाकीची येतील. तपकिरी आणि मऊ असेल तर गेले.

ओलमाती, ४ जून, दुपारी

कोपऱ्यातले एक रोप काढून चाकूने उभे चिरले. वरून सगळे काळे, पण मातीखाली साधारण दोन सेंटिमीटरवर हस्तिदंतासारखा पांढरा, घट्ट ठिपका आहे. बोट लावले तर गार आणि ओलसर लागते. आज रात्रीपासून जुन्या चादरी.

ओलमाती, ९ जून

पस्तीसपैकी तेहतीस रोपांच्या काळ्या पानांमधून हिरवी सुरळी वर आली आहे. रिकाम्या जागी घरातली रोपे लावून नांगे भरले. वाफसा, तुम्ही नसता तर मी त्या सकाळी सगळे उपटून तिथे घेवडा लावला असता.

एक नवीन प्रश्न आहे. नव्या पानांच्या कडा जांभळ्या दिसत आहेत. हा रोग आहे का?

वाफसा, ९ जून

रोग नाही. थंड जमिनीत मुळे स्फुरद (फॉस्फरस) उचलू शकत नाहीत, त्यामुळे पाने जांभळी होतात. मातीत स्फुरद असला तरी हे होते. जमीन तापली की आपोआप हिरवी होतील. पाणी सकाळीच द्या, आणि शक्य असल्यास पिंपात उन्हाने कोमट झालेले द्या, नळाचे बर्फगार पाणी संध्याकाळी देऊ नका.

निंबोणी, २८ जून

माझा मका कमरेएवढा झाला आहे आणि बुंध्याशी फुटवे आले आहेत. माझ्या सासूबाई सांगतात की फुटवे मोडले नाहीत तर कणीस लहान राहते. तुम्ही काय करता?

हिमगौरी, २८ जून

मी दोन वर्षे अर्धा वाफा मोडून आणि अर्धा तसाच ठेवून पाहिला. कणसांत फरक दिसला नाही, उलट मोडताना दोन झाडे मुळासकट हलली.

वाफसा, २९ जून

फुटव्यांची पानेही अन्न तयार करतात आणि ते मुख्य झाडाला मिळू शकते, म्हणून मीही मोडत नाही. त्या श्रमांत झाडांना मातीची भर द्या. आठ पाने झाली की नत्राचा एक हप्ता आणि तुरा दिसू लागला की दुसरा हप्ता द्या. मका नत्राचा भुकेला आहे, खालची पाने टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी पडू लागली तर ती भूकच समजावी. भर दिली म्हणजे बुंध्यापासून निघणारी आधारमुळे मातीत शिरतात आणि वादळात झाड आडवे होत नाही.

ओलमाती, ३० जुलै

तुरे २१ जुलैला दिसले आणि परवा पहिले केसर बाहेर आले. दूरदेशी यांचा इशारा लक्षात ठेवून मी फक्त वाऱ्यावर विसंबले नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास दव सुकले की एका तुऱ्याला हळूच बोटाने टिचकी मारते. पिवळी धूळ उडाली की समजावे पराग तयार आहे. मग तीन-चार झाडांचे तुरे एका कागदी पिशवीत झटकते. पिशवीच्या तळाशी हळदीसारखी चिमूटभर पूड जमते, तिच्यात तुऱ्याची तुसेही असतात. ती पूड रंगवायच्या मऊ कुंचल्याने प्रत्येक केसराच्या झुबक्यावर लावते. केसर या वेळी फिकट हिरवट, ओलसर आणि किंचित चिकट असतात, पूड लगेच धरून ठेवतात. छत्तीस झाडांना वीस मिनिटे लागतात. सलग सहा दिवस हे करायचे ठरवले आहे, कारण सगळे धागे एका दिवशी बाहेर येत नाहीत. बुडाकडचे आधी येतात आणि टोकाचे सर्वांत शेवटी.

वाफसा, ३० जुलै

याहून चांगली पद्धत नाही. या पंधरवड्यात पाण्याचा ताण अजिबात पडू देऊ नका. इतर कोणत्याही वेळचा ताण झाड भरून काढते, केसर येतानाचा ताण भरून निघत नाही. तुरा आधी झडून जातो आणि केसर उशिरा बाहेर येते, मग पराग शोधूनही मिळत नाही.

पागोळी, १६ ऑगस्ट

माझ्या सोळा झाडांपैकी चौदा उभी आहेत. कणसे धरली आहेत, पण तयार झाली हे न सोलता कसे ओळखायचे? काल एक उघडून पाहिले तर दाणे पांढरे आणि पाणीदार होते, आणि आता ते कणीस वाया गेले.

हिमगौरी, १६ ऑगस्ट

केसर बाहेर आल्याचा दिवस लिहून ठेवला असेल तर उबदार भागात तिथून वीस दिवस धरतात. आपल्याकडे रात्री थंड असतात म्हणून अठ्ठावीस ते बत्तीस दिवस धरावेत. केसर पूर्ण तपकिरी आणि कोरडे झाले पाहिजे, पण सालीजवळ अजून ओलसर असावे. मग सालीवरूनच टोक चाचपून पाहा. टोकदार लागले तर थांबा, बोथट आणि गोलसर लागले तर त्या एका कणसाची साल दोन बोटे उघडून दाण्याला नख लावा. पाण्यासारखा रस आला तर कच्चे, दुधासारखा आला तर त्याच दिवशी तोडा, खळीसारखा घट्ट आला तर उशीर झाला. उघडलेली साल परत बंद करून सुतळीने बांधली तर कणीस वाया जात नाही. मॅगपाय पक्षी मात्र उघडे टोक दिसले की सोडत नाहीत.

वाफसा, १७ ऑगस्ट

‘अर्लीव्ही’ हा एस-यू प्रकार आहे, तेव्हा तो लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तोडल्यानंतर याची साखर फार वेगाने कमी होते, ३० अंशांच्या उकाड्यात तर एका दिवसात निम्मी जाते. आधी पाणी उकळत ठेवावे आणि मग वाफ्याकडे जावे. नाहीतर तोडताक्षणी बर्फाच्या पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे.

ओलमाती, ३१ ऑगस्ट

आज पहिली सहा कणसे तोडली. केसर आल्यापासून चौतिसावा दिवस. मधल्या चार ओळींतली कणसे बुडापासून टोकापर्यंत भरली आहेत, एकावर मी चौदा रांगा मोजल्या. कडेच्या ओळींतल्या कणसांची टोके बोटाच्या पेराएवढी रिकामी आहेत. लांबी वीतभर, हिमगौरी यांनी सांगितल्याप्रमाणेच. चार वाफवली आणि दोन गॅसवर भाजून लिंबू, मीठ आणि तिखट लावून खाल्ली. मुलीने आजवर दुकानातलाच मका खाल्ला होता. तिने एक कणीस संपवून दांडा हातात धरून ठेवला आणि दुसरे कधी तयार होईल ते विचारले.

ओलमाती, १४ सप्टेंबर

शेवटची नोंद करते. एकूण तेहतीस कणसे मिळाली. त्यांतली बावीस पूर्ण भरलेली, सात तीन-चतुर्थांश आणि चार अशी की फक्त दाणे काढून उपम्यात घालता आले. फ्रॉस्टनंतर घरातून लावलेल्या रोपांना कणसे धरली, पण ती भरली नाहीत. तीच रोपे जास्त दिवस नळकांड्यात राहिली होती, त्यामुळे तीन आठवड्यांची मर्यादा मी डोळ्यांनी पाहिली. काल रात्री पहिला फ्रॉस्ट पडला आणि ताटे पांढरी झाली. ताटे तोडून बारीक करून वाफ्यातच पसरली आहेत.

पुढच्या वर्षी प्लॅस्टिक १ मेऐवजी बर्फ वितळताच पसरणार आहे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अंदाज काहीही असला तरी रोज रात्री चादर घालणार आहे. पागोळी, तुमच्या पेटीचे काय झाले?

पागोळी, १४ सप्टेंबर

चौदा झाडांची अकरा कणसे मिळाली. या उन्हाळ्यात आमच्याकडे गारा पडल्या नाहीत. उरलेल्या तीन झाडांची केसरे सशाने खालून ओढून खाल्ली, म्हणून पेटीभोवती दोन फूट जाळी लावायला हवी. ‘अर्लीव्ही’चे पाकीट आजच पुढच्या वर्षासाठी आणून ठेवले आहे.